फुकटचा सल्ला कोणाच्या पैशाने?

(दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ पाहण्यास निघालेल्या कापूस-ज्वारी उत्पादक शेतकऱ्यांचा मुक्काम खेड, जि. रत्नागिरी येथे होता. त्या रात्रीच्या बैठकीत झालेले भाषण. जिल्हा बैठकांत ते वाचून दाखवावे आणि त्यावर चर्चा व्हावी, ही विनंती.)



आज दुपारी आपल्या गाड्या भरणे नाक्यावर थांबल्या. आपल्यातले एक जण चहाच्या टपरीवर गेले आणि बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारले, "का हो बाबा, या लाल मातीत पाणी मुरतं का?" म्हातारा म्हणाला, "मुरतं ना! मुरतं नि पळतं. एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो." मग त्याने उलट विचारले, "तुमच्याकडे पाऊस किती?" आपले गृहस्थ म्हणाले, "बरा झाला तर सात-आठशे मिलिमीटर." म्हातारा हसला. "म्हणजे आमचा एक जुलै पण नाय. नि तेवढ्यावर तुम्ही अख्खं वर्ष काढता?"

मी शेजारी चहा घेत उभा होतो. बोलणे मातीवरून पिकावर गेले, पिकावरून भावावर, भावावरून कर्जावर. गाडी सुटायच्या आत आपल्या माणसाने त्या म्हाताऱ्याला अशी एक गोष्ट विचारली, जी त्याने घरात विचारलेली नाही, गावात विचारलेली नाही आणि माझी त्याची दहा वर्षांची ओळख असून मलाही विचारलेली नाही. काय विचारले ते मी सांगणार नाही. ते माझे सांगायचे नाही. पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. उद्या विद्यापीठात आपण कलमे, बियाणी, अवजारे पाहणारच आहोत. आज रात्री या एका प्रश्नावर बोलू. आपल्या घरचे, कामाचे, पैशाचे प्रश्न आपण परक्या माणसाला का विचारतो? आणि विचारावेत तर कसे विचारावेत?

रात्रीचा प्रश्न

गेली वीस वर्षे मी तुमच्या काळ्या रानातून हिंडतो आहे. बैठकीत प्रश्न येतात ते बोंडअळीचे, भावाचे, विम्याचे. सगळे हात वर करून विचारतात. बैठक संपते, सतरंजी गुंडाळली जाते, मी गाडीकडे निघतो आणि मग अंधारात कोणी तरी हळूच म्हणते, "साहेब, एक मिनिट." तो खरा प्रश्न असतो. पोरीच्या लग्नाला जमीन गहाण टाकू का? भाऊ वाटणीपत्रावर सही मागतो, करू का? पोरगा शिकला, नोकरी नाही, दुकान टाकायला पैसे मागतो, देऊ का?

हा प्रश्न दिवसा का येत नाही? कारण गावात प्रश्न विचारणे म्हणजे घराचे दार उघडे टाकणे. भावकीत विचारले तर भावकी टपलेली. पाहुण्यात विचारले तर सोयरीक मोडायची भीती. कर्जाचा आकडा शेजाऱ्याला कळला तर किराणावाला उधार बंद करतो. आपण याला अब्रू म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण भावांनो, मूठ झाकून ठेवली म्हणून सावकाराचे व्याज थांबत नाही.

म्हणून माणूस परक्याकडे जातो. परक्याला आपली भावकी माहीत नाही, तो आपल्या लग्नाला येणार नाही, उद्या पारावर बसून आपली उणीदुणी काढणार नाही. यात कमीपणा काही नाही. मीही परक्याच्या सल्ल्यावर वाढलेला माणूस आहे. ती गोष्ट या खेड तालुक्यातलीच आहे.

जीपीओसमोरचा माणूस

माझे वडील इथले. कोकणातल्या हजारो चाकरमान्यांसारखे मुंबईत गिरणीत होते. गिरणगावात गावकीची खोली. एका खोलीत आळीपाळीने झोपणारी वीस-वीस माणसे, सगळी एकाच गावची. घर चालायचे ते महिन्याच्या मनीऑर्डरवर. वडिलांना लिहिता येत नव्हते. पण ते गावकीच्या खोलीत कधी पत्र लिहून घेत नसत, कारण तिथे सांगितलेली गोष्ट पत्राच्या आधी गावात पोचायची.

मुंबईला बोरीबंदरच्या जीपीओसमोर पत्रलेखक बसत. मनीऑर्डरचा फॉर्म भरून देणार, पार्सल शिवून देणार, पत्र लिहून देणार. वडील त्यांतल्या एकाकडे जायचे. तो ना गावचा, ना जातीचा. वडिलांना त्याचे नावही धड माहीत नव्हते.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. महिना गेला, दोन गेले, सहा गेले. पगार बंद. वडिलांनी मुंबईत उसनवारी केली होती. घरी कळवले नव्हते. 'सर्व खुशाल' एवढेच दर पत्रात. एक दिवस त्यांनी त्या पत्रलेखकाला विचारले, "देणं घरी कळवू का नको?" तो म्हणाला, "कळव. नुसतं देणं झालंय असं नको, आकडा कळव. बाईला आकडा माहीत नसेल तर ती खर्च कशावर बेतणार?"

त्या पत्रात आकडा आला. आईने ते पोस्टमनकडून वाचून घेतले. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक गाभण म्हैस विकली आणि भाताचे खाचर मात्र गहाण टाकले नाही. आत्याच्या लग्नाचा बेत निम्म्यावर आणला. पुढल्या वर्षी वडील कायमचे गावी आले, तेव्हा कसायला जमीन शिल्लक होती. त्याच जमिनीच्या भातावर मी दापोलीला शेतीची पदवी घेतली.

आता विचार करा. त्या पत्रलेखकाचा सल्ला उपयोगी का पडला? तो फार शहाणा होता म्हणून? असेल. पण मला तीन कारणे दिसतात. एक, त्याला पत्राचे ठरलेले पैसे मिळायचे. वडिलांनी आकडा कळवला काय आणि लपवला काय, त्याची मजुरी तेवढीच. दुसरे, त्याने असली शेकडो पत्रे लिहिली होती. लपवलेल्या कर्जाचे पुढे काय होते ते त्याने दुसऱ्यांच्या घरात पाहिले होते. तिसरे, ऐकलेली गोष्ट तो पोटात ठेवायचा. तोंड मोकळे सोडणाऱ्या पत्रलेखकाकडे दुसऱ्या महिन्यात कोण जाईल?

आणि हेही ध्यानात घ्या की वडिलांनी त्याला भाताचे कोणते बी पेरू, हे कधी विचारले नाही. ते खाचर त्याने पाहिलेच नव्हते.

लिहिणारा कोणाचा?

परक्याकडे जाण्याची दुसरी बाजूही आपल्या बापजाद्यांनी भोगली आहे. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. पुढे पुणे-नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तेच झाले. शेतकऱ्यांनी बहुतेक ठिकाणी मागितले काय? धान्य नाही, दागिने नाहीत. कर्जरोखे मागितले आणि जाळले. माणूस उपाशी असताना कागद का जाळतो? कारण तो कागद त्याला वाचता येत नव्हता. लिहिणारा सावकाराचा, वाचून दाखवणारा सावकाराचा, साक्षीदारही सावकाराचाच. अंगठा तेवढा शेतकऱ्याचा!

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना तो आधी लागू झाला. त्या कायद्यातल्या दोन गोष्टी आजच्या विषयाला लागू आहेत. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, अशी अट त्यात होती. आणि फेडीची पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला त्यात दिला होता. म्हणजे परक्या सरकारलाही एवढे कळले होते की, घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या मध्ये एक तिसरा माणूस लागतो, जो दोघांचा नाही. त्या कायद्याने सावकारी संपली नाही, पळवाटा निघाल्या. पण तिसरा माणूस लागतो ही गोष्ट खरीच होती, आणि आजही खरी आहे.

माझ्या हातून झालेली चूक

आता मी माझ्यावर येतो. तुमच्यातल्या थोड्यांनाच हे ठाऊक आहे.

पदवी घेऊन मी तुमच्याकडे आलो तो चळवळीत नाही, एका बियाणे कंपनीच्या नोकरीत. २००४चा खरीप. कापसाचे बीटी वाण देशात येऊन दोनच वर्षे झाली होती. गावोगाव सभा घ्यायच्या, पडद्यावर चित्रे दाखवायची, चहा पाजायचा. एका गावात सभेनंतर एक शेतकरी आला. चार एकर कोरडवाहू. म्हणाला, "साहेब, तुम्ही शिकलेले. माझ्या रानात काय लावू?" मी हातातले पाकीट वर केले आणि म्हणालो, "हेच लावा. डोळे मिटून लावा."

ते वाण लांब मुदतीचे होते. भारी जमिनीत, पाऊस टिकला तर उत्तम. त्याच्या रानात वीतभर माती आणि खाली मुरूम. त्या वर्षी आपल्या भागात पाऊस कमी झाला आणि लवकर गेला. झाडावर बोंडे होती, ती भरायच्या वेळी जमिनीत ओल नव्हती. बोंडे वाळली, कवड्या झाल्या. बियाण्याचे पैसे उधारीचे, खताचे उधारीचे. उन्हाळ्यात त्याने बैलजोडी विकली.

मी पुन्हा त्या गावात गेलो तेव्हा तो भांडला नाही. भांडला असता तर बरे झाले असते. एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही मला जमीन विचारलीच नाही."

खरे होते. दापोलीला चार वर्षे मी हेच शिकलो होतो की आधी मातीची खोली पाहायची, मग वाण सांगायचे. पहिल्या सहामाहीतला धडा! मला येत नव्हते म्हणून मी चुकलो नाही. माझा पगार त्या पाकिटातून निघत होता म्हणून चुकलो. त्या हंगामात विक्रीबद्दल मला बक्षीसही मिळाले. त्या शेतकऱ्याने मला सल्ल्याचे पैसे दिले नव्हते. सल्ला फुकट होता. पण जगात फुकट काही नसते. त्याची किंमत त्याच्या बैलांनी भरली.

दोन वर्षांनी मी नोकरी सोडली. फार मोठा त्याग केला म्हणून सांगत नाही. झोप लागेना म्हणून सोडली.

दुकानाच्या ओट्यावर

आज आपल्यातले बहुतेक जण फवारणीचे काय विचारायचे ते कोणाला विचारतात? कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर. झाडाचे एक पान तोडून नेतो, दुकानदाराला दाखवतो. तो कपाटातून दोन डबे काढतो, "हे आणि हे मिसळून मारा" म्हणतो. दुकानदार वाईटच असतो असे माझे म्हणणे नाही. अडल्या वेळी उधारी तोच देतो. पण तो विकणारा आहे. 'काहीच फवारू नका, आठ दिवस थांबा' हा सल्ला त्याच्या तोंडून निघणे अवघड. त्यात त्याला एक पैसा सुटत नाही. आणि उधारी त्याची असली की आपल्यालाही नाही म्हणता येत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या शेजारच्या गावातलेच लोक होते. कपाशी डोक्याला लागेल एवढी वाढलेली, किडीचा जोर, विषारी औषधे एकात एक मिसळून फवारणी, अंगावर ना धड कपडा ना तोंडावर फडके. जिल्ह्यात २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यांतले कितीतरी जण दुसऱ्याच्या रानात रोजाने फवारणारे मजूर होते. त्यांनी तर कोणाला काही विचारलेही नव्हते. सल्ला मालकाने घेतला आणि विष मजुराच्या अंगावर गेले.

त्यात अनेक कारणे होती, सरकारचीही जबाबदारी होती. पण एक गोष्ट आपल्या हातात होती आणि आहे. डब्यावर तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा. लाल म्हणजे अति तीव्र विष. त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हे वाचायला इंग्रजी लागत नाही, शाळा लागत नाही. आणि डबा घेताना पक्के बिल घ्या, त्यावर लॉट नंबर असलाच पाहिजे. बियाण्याचेही तसेच. रिकामे पाकीट आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उद्या तक्रार करायची तर तोंडी सल्ल्याला साक्षीदार नसतो, बिलाला असतो.

आपणहून आलेला परका

आणखी एक परका आता आपल्या खिशात बसला आहे. फोनमध्ये. त्याला वाईट म्हणून सोडून देऊ नका. किसान कॉल सेंटर २००४च्या जानेवारीत सुरू झाले. १८००-१८०-१५५१ हा नंबर, सकाळी सहा ते रात्री दहा, फोनला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. समोरचा शेतीचा पदवीधर असतो आणि तो तुम्हाला काही विकत नाही. पण फोन करताना मातीची खोली, पेरणीची तारीख, आधी काय फवारले हे तुम्हीच आधी सांगा. त्याला तुमचे रान दिसत नाही. जे सांगाल त्याचेच उत्तर मिळेल.

मात्र एक खूण बांधून ठेवा. आपण विचारायला गेलो तो परका वेगळा, आणि आपणहून आपल्याला विचारायला आला तो परका वेगळा. 'पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, ही लिंक दाबा', 'पाच मिनिटांत कर्ज, कागद नको', 'ओटीपी सांगा' असे म्हणत जो आला, तो सल्ला द्यायला आलेला नाही. दारात आलेल्या वैदूकडून आपण औषध घेत नाही, मग फोनात आलेल्याकडून का घ्यायचे? फसलाच तर लाजू नका. लगेच १९३० या नंबरवर कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

नुसते ऐकून भागत नाही

आता मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. आपल्या कामाची दिशा मला तिथे सापडली.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे घेतली. गावात रेडिओ ठेवला आणि साधारण वीस जणांचे मंडळ केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवडे, म्हणजे एकूण वीस कार्यक्रम. शेतीचे, गुरांचे, आरोग्याचे, पतपेढीचे विषय. कार्यक्रम संपला की उठून जायचे नाही. बसून चर्चा करायची. आपल्या गावात हे जमेल का, कोणी करून पाहिले आहे का, अडचण काय? न सुटलेले प्रश्न मंडळाचा एक माणूस लिहून रेडिओ केंद्राला पाठवायचा आणि पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे यायची. ना पाहिलेल्या माणसांना प्रश्न विचारायचे, आणि तेही उघडपणे, सगळ्या गावासमोर!

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची तपासणी केली. काही गावांत नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते. तिथेही लोक ऐकत होतेच. पण तिथल्या लोकांच्या माहितीत फारसा फरक पडला नाही. जिथे मंडळ बसून चर्चा करत होते, तिथे मोठा फरक पडला. रेडिओ तोच, बोलणारा तोच, शब्द तेच. फरक एवढाच की एकीकडे उत्तर कानावरून गेले आणि दुसरीकडे वीस जणांनी ते घासून पाहिले. पुढे १९५९मध्ये अशी मंडळे देशभर करण्याचे ठरले, ते या अनुभवावरून.

माझे म्हणणे यात सगळे आले. परक्याला विचारा, बिनधास्त विचारा. पण त्याचे उत्तर एकट्याने घरी नेऊ नका. ते आपल्या माणसांत आणून टाका. परक्याला दुनिया माहीत असते, शेजाऱ्याला रान माहीत असते. दोघांची गाठ घालणे हे आपल्या बैठकीचे काम आहे.

त्या शेतकऱ्याने माझे पाकीट घरी नेण्याआधी पारावर चार जणांना दाखवले असते, तर एखादा म्हातारा म्हणाला असता, "तुझ्या मुरमाड रानात एवढ्या मुदतीचं पीक येतं का रे?" त्याला बीटी म्हणजे काय हे माहीत नसेल. पण त्या रानातली ओल कोणत्या महिन्यात संपते हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. खरिपाच्या ज्वारीचे पाहा. पेरणी लांबली की खोडमाशी पोंगे मारते, हे विद्यापीठ सांगते आणि तुमची आजीही सांगत होती. दोघांचे जुळले की शंका उरत नाही. जुळले नाही तर सगळ्या रानात न करता दोन तासांत करून पाहावे. तास म्हणजे घड्याळातला नव्हे, नांगराचा!

कोणता प्रश्न कोणाकडे

पिकाचा प्रश्न आधी त्याच मातीत पिकवणाऱ्याला विचारा, मग कृषी विद्यापीठाला किंवा कॉल सेंटरला, आणि विकणाऱ्याला सर्वांत शेवटी. दुकानात जाताना काय घ्यायचे ते चिठ्ठीवर लिहून न्या. चिठ्ठी असली की ओट्यावर बोलणे थोडक्यात आटपते.

सावकाराचा प्रश्न असेल तर महाराष्ट्रात २०१४चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसलेल्याची सावकारी हा गुन्हा आहे. परवाना असलेल्यानेही पावती आणि हिशेब दिलाच पाहिजे. बेकायदा सावकारीत लिहून घेतलेली जमीन परत मिळण्याची तरतूद या कायद्यात आहे. त्यासाठी अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा असतो. हे मी सांगतो म्हणून मानू नका, तिथे जाऊन विचारा. पण एकटे जाऊ नका, गावातले दोघे-तिघे मिळून जा.

वाटणी, वारस, कोर्टाची नोटीस असे प्रश्न असतील तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. फोन १५१००. मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. बाईला वकिलाची मदत फुकट मिळते, तिचे उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही तसेच. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागले का, हे दिराला विचारायचे नसते. उतारा काढून स्वतः वाचायचा असतो, नाही तर वाचून घ्यायचा असतो. आणि हा फुकटचा सल्ला कोणाच्या पैशाने, हे तुम्ही विचारलेच पाहिजे. तर तो सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या पैशातून मिळतो. त्या वकिलाला तुमच्या दिराकडून काही मिळायचे नाही.

आणि प्रत्येक परक्याला, तो मी असलो तरी, चार गोष्टी विचाराव्यात. मी तुझे ऐकले तर तुला काय मिळते? नाही ऐकले तर तुझे काय जाते? माझ्यासारख्या आणखी कोणाला तू हे सांगितलेस आणि त्याचे काय झाले? आणि हे लिहून देतोस का? शेवटच्या प्रश्नाला जो चाचरतो, त्याचा सल्ला दोन दिवस मुरू द्यावा.

प्रश्नांची वही

मी उपदेश करून थांबणार नाही. एक काम मागतो.

इथून परत गेल्यावर प्रत्येक गावशाखेने एक वही घालावी. दोनशे पानांची साधी वही. महिन्याच्या बैठकीत त्यात प्रश्न लिहावा, नाव लिहू नये. ज्याला बोलायची लाज वाटते त्याने चिठ्ठी टाकावी. लिहिता येत नसेल तर गावातल्या शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्यावी. प्रश्नापुढे चार रकाने असावेत. कोणाला विचारले? त्याने काय सांगितले? त्याचा त्यात काय फायदा होता? आणि हंगाम संपल्यावर काय झाले? चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आजवर आपल्याला सल्ला देणारे हजार भेटले. वर्षाअखेरीस परत येऊन 'काय रे, काय झालं?' असे विचारणारा किती वेळा भेटला?

जिल्हा बैठकीला या वह्या घेऊन या. एका गावाचा चौथा रकाना दुसऱ्या गावाचा पहिला सल्ला होईल. कोणत्या वाणाने हलक्या जमिनीत दगा दिला, कोणत्या पतसंस्थेने हिशेब दिला नाही, कोणत्या बाईला वारस नोंद करून मिळाली आणि किती खेपा घालाव्या लागल्या, हे सगळे त्यात येईल. वर्षभरात आपल्याकडे जे जमेल ते कुठल्या कंपनीकडे नाही आणि कुठल्या खात्याकडेही नाही.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मी माझा प्रश्न लिहिणार आहे. चार एकर, वीतभर माती, खाली मुरूम. कोणाला विचारले? मला. काय सांगितले? 'डोळे मिटून लावा.' त्याचा फायदा? बक्षीस. काय झाले? बैलजोडी गेली.

टपरीवरचा तो म्हातारा उद्या सकाळी पुन्हा तिथे असेल. रोज असतो, असे चहावाला म्हणाला. आपल्या गाड्या त्याच नाक्यावरून दापोलीकडे वळणार आहेत. आपल्या ज्या भावाने त्याला आज प्रश्न विचारला, त्याने उद्या पाच मिनिटे उतरावे आणि तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केले, एवढे त्याला विचारून घ्यावे. गाडी थांबेल. मी ड्रायव्हरला सांगून ठेवले आहे.